टकटक कुठून येते?

मागच्या अंकात याच पानावर शिलाई मशिनच्या खडखडाटाविषयी लिहिले होते. त्यात आम्ही मोठ्या ऐटीत सांगून टाकले होते की घरातल्या यंत्रांचे निम्मे आवाज तेलाच्या दोन थेंबांनी जातात. अंक घरी येऊन पंधरा दिवस झाले नसतील तोच हे वाक्य आमच्यावरच उलटले. म्हणून या वेळी मिक्सरविषयी लिहायचे ठरले होते ते पुढच्या महिन्यावर ढकलतो आणि आमच्याच घरातली फजिती वाचकांपुढे मांडतो. यंत्र अगदी छोटे आहे, वीतभर लांबीचे. रेल्वेचे इंजिन.

आमचे अब्बा रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षे डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनांच्या पोटाखाली गेली. ही इंजिने मूळची अमेरिकेतल्या अल्को कंपनीची. पहिली १९६२ साली तिकडून आली, नंतर ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. खुद्द अल्कोने १९६९ साली इंजिने बनवणे थांबवले, पण आपल्याकडे त्यांचे कुळ पुढे किती तरी वर्षे गाड्या ओढत राहिले. भाईजान तेव्हा बोटीवर नोकरीला होते. नव्वदच्या दशकात बोट अमेरिकेच्या एका बंदराला लागलेली असताना त्यांना एका दुकानात अल्कोच्याच एका जुन्या इंजिनाची प्रतिकृती दिसली. खऱ्या इंजिनाच्या ८७ पट लहान, खाली १६.५ मिलीमीटर रुंदीचे रूळ. रजेवर येताना त्यांनी ती अब्बांसाठी आणली.

अब्बांनी ती शोकेसमध्ये ठेवली ती ठेवलीच. चालवली कधीच नाही. त्याला कारणही होते. सोबत आलेला वीज पुरवणारा डबा १२० व्होल्टचा, आणि आपल्या घरात येते २३०. तो तसाच आपल्या बोर्डात लावला असता तर धूर निघाला असता. बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनने भाईजानना हे बजावले होते आणि त्यांनी डब्यावर लाल पेनाने मोठी फुली मारून ठेवली होती. ज्यांच्या घरी परदेशातून आलेली विजेवरची खेळणी किंवा यंत्रे पडून आहेत, त्यांनी मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय प्लग लावू नये, एवढे इथेच सांगून ठेवतो.

या मे महिन्यात पुण्याला गेलो होतो. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. टेबलाएवढ्या जागेपासून सुरुवात करून एका माणसाचा छंद कुठवर जातो ते तिथे दिसते. सिग्नल, पूल, डोंगरातून जाणाऱ्या गाड्या, सगळे चालते. आमचा अकरा वर्षांचा मुलगा तिथून हलेना. घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शोकेसकडे बोट दाखवले.

इंजिनाला रुळातून लागतो तो १२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह. ३ पासून १२ व्होल्टपर्यंत कमीजास्त करता येणारा अ‍ॅडॅप्टर आमच्या ड्रॉवरमध्ये होताच. त्याला उलटसुलट करायचे बटनही असते, म्हणजे इंजिन मागे-पुढे दोन्हीकडे नेता येते. प्लायवूडच्या फळीवर रूळ जोडले, तारा लावल्या आणि इंजिन निघाले. निघाले खरे, पण अम्मींनी आतून विचारले, "सुपारी कोण कातरतंय?"

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट. शिलाई मशिनच्या तेलाची कुपी समोरच होती. आम्ही इंजिन उलटे धरले, दिसेल त्या फटीत तेल सोडले, वर चाकांच्या टोकांनाही लावले. आवाज लगेच कमी झाला. मुलाने आमच्याकडे असे काही पाहिले की आमची छाती वीतभर फुगली. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी इंजिन अडखळू लागले, चढावर चाके जागच्या जागी फिरू लागली, आणि सुपारी पुन्हा कातरली जाऊ लागली, आधीपेक्षा जोरात. घडले होते ते असे. तेल ओघळून चाकांवर आणि रुळांवर पसरले. या इंजिनाला वीज मिळते ती रुळातून चाकांवाटेच. तेलकट चाकांवर धूळ बसून काळा थर झाला आणि वीज तुटक मिळू लागली. म्हणजे आधी एक दुखणे होते, आम्ही तीन केली.

मुलाने इंजिन उचलले आणि आमच्याकडे न आणता अब्बांकडे नेले. असरची नमाज पढून ते ओट्यावर बसले होते. त्यांनी इंजिन हातात घेतले, उलटे केले, चाकाला बोट लावले आणि तेलाने माखलेले बोट आमच्याकडे धरले.

"हे कोणी केलं?"

आम्ही काय बोलणार!

"अरे, आवाज काय सांगतोय ते ऐकून तरी घ्यायचं होतंस. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

मग त्यांनी मुलाला वही आणायला सांगितली. शेडमध्ये इंजिन आले की फिटर आधी ड्रायव्हरला प्रश्न विचारतो, मग पान्याला हात लावतो, हा त्यांचा शिरस्ता. आवाज हळू चालताना येतो की जोरात? पुढे जाताना की मागे येताना, की दोन्हीकडे? सरळ रुळावर की वळणावरच? मागे डबे लावले की वाढतो का? सुरू करताच येतो की पाच मिनिटे तापल्यावर? आवाज एकच आहे की दोन-तीन एकात एक मिसळलेत? मुलाने प्रत्येक प्रश्न लिहिला आणि समोर जागा सोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही आधी स्पिरिटच्या बोळ्याने रूळ आणि चाके स्वच्छ पुसली आणि बाप-लेक फळीशेजारी जमिनीवर बसून उत्तरे भरत राहिलो.

उत्तरे वाचल्यावर आमच्याच लक्षात आले की आम्ही ज्याला 'आवाज' म्हणत होतो ते तीन निराळे आवाज होते. एक टकटक, दोन्ही दिशांना सारखी, वेग वाढवला की जलद होणारी. दुसरी घरघर, ती फक्त इंजिन मागे येताना. आणि तिसरी बारीक शिट्टी, थोडा वेळ चालल्यावर सुरू होणारी. तिन्हींवर एकच तेल ओतून आम्ही मोकळे झालो होतो.

अब्बांनी आधी टकटक घेतली. "ती मोज," ते मुलाला म्हणाले. आमच्या रुळाचा एकेक सरळ तुकडा नऊ इंचांचा. चार तुकडे जोडले की तीन फूट. अ‍ॅडॅप्टर सर्वांत कमी व्होल्टवर ठेवून इंजिन अगदी मुंगीच्या चालीने सोडले. मुलगा कान देऊन मोजत होता. अब्बांनी मात्र डोळे मिटले आणि उजवा पंजा फळीवर पालथा ठेवला. तीन फुटांत मुलाच्या मोजणीत २५ टक आले. अब्बांच्याही २५.

"आता चाक मोज."

पट्टी लावली तर चाकाचा व्यास जवळजवळ ११.७ मिलीमीटर. त्याला ३.१४ ने गुणले की एका फेऱ्यात चाक किती पुढे जाते ते निघते, साडेछत्तीस मिलीमीटरच्या किंचित वर. तीन फूट म्हणजे ९१४ मिलीमीटर. भागाकार केला तर चाकाचे फेरे २५ च्या जरासे आत. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बरोबर एक टक. मुलगा उठून उभाच राहिला. शाळेत वर्तुळाचा परीघ त्याने चार वेळा गिरवला होता, तो असा कामी येईल असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

या एका आकड्याने निम्मे इंजिन निर्दोष सुटले. पुढे इंजिन उघडल्यावर आम्ही मोटर बोटाने फिरवून पाहिली. चाकाचा एक फेरा व्हायला मोटरला सुमारे १३ फेरे घ्यावे लागतात. दोष मोटरीत किंवा मोटरीच्या दांड्यावर असता तर एका फेऱ्याला तेरा टक आले असते, म्हणजे टकटक नव्हे, एकसारखी गुणगुण ऐकू आली असती. एका फेऱ्याला एकच टक म्हणजे जे काही बिघडले आहे ते चाकाबरोबर फिरते. चाक तरी, नाही तर चाकाच्या अ‍ॅक्सलवरचा गिअर तरी. हीच रीत सायकलला, शिलाई मशिनला, छताच्या पंख्यालाही लागू पडते. फेरा मोजा, आवाज मोजा, दोन्ही जुळतात ती जागा पाहा.

रविवारी इंजिन उघडले. वरचे प्लॅस्टिकचे कवच बहुधा दोन-चार स्क्रूंनी किंवा खाचांनी बसवलेले असते. ते ओढायचे नाही, आतल्या तारा तुटतात. निघालेला प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यात क्रमाने टाकत गेलो. पाण्याच्या टाकीजवळचा पहिल्या खळग्यात, डाव्या बाजूचा दुसऱ्या खळग्यात. अम्मींचा भांडी घासायचा नवा स्पंज मधोमध कापून त्याचा पाळणा केला आणि इंजिन त्यात उलटे निजवले. स्पंज नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालेल, पण टॉवेलचे धागे गिअरमध्ये ओढले जातात, म्हणून स्पंज बरा.

आतली रचना सोपी आहे. मध्ये मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळेची जड चाके, जेणेकरून इंजिन झटका न देता निघावे आणि थांबावे. तिथून दोन्हीकडे प्लॅस्टिकचे लवचिक सांधे. प्रत्येक सांधा जाऊन मिळतो एका वर्मला, म्हणजे आटे पाडलेल्या छोट्या दांड्याला. वर्म आडवा फिरतो आणि खालच्या गिअरला फिरवतो, तो गिअर पुढच्या गिअरला, शेवटी अ‍ॅक्सल फिरतो. चार-चार चाकांच्या या दोन गाड्यांना शेडमध्ये बोगी म्हणतात. आपण प्रवासी डब्याला बोगी म्हणतो ती निराळी. अब्बांनी मुलाला इथे एक फरकही समजावला. खऱ्या डिझेल इंजिनात अशी एक मोटर मध्ये बसून सगळी चाके फिरवत नाही. तिथे डिझेल इंजिन वीज तयार करते आणि बोगीतल्या प्रत्येक अ‍ॅक्सलला लटकवलेली वेगळी मोटर तो अ‍ॅक्सल फिरवते. वर्म तर तिथे नावालाही नाही.

शोधायची रीत मात्र दोन्हीकडे तीच. जोडलेले सोडवत जायचे आणि प्रत्येक टप्प्याला ऐकायचे. आम्ही दोन्ही बाजूंचे लवचिक सांधे काढले. आता मोटर एकटी राहिली. तिच्या पट्ट्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली.

टकटक नाही. घरघर नाही. पण अर्ध्या मिनिटात शिट्टी सुरू झाली, इतकी बारीक आणि टोकदार की मुलाने कानांवर हात ठेवले. अब्बांनी बाजूला पडलेली आगरबत्तीची काडी उचलली, तिचे एक टोक मोटरीच्या अंगाला टेकवले, दुसरे कानाच्या मागच्या हाडाला. शेडमध्ये ते याच कामाला लांब स्क्रू ड्रायव्हर वापरत. पाते बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाशी. कित्येक बेअरिंगे त्यांनी अशी नुसती ऐकून बाद केली होती. त्यांनी नीट ऐकले आणि काडी खाली ठेवली.

"मोटर ठीक आहे. हिचा काही आवाज नाही."

मुलगा हसला. त्याला वाटले, दादाजान गंमत करताहेत. "दादाजान, शिट्टी वाजतेय ना!"

"कसली शिट्टी?"

मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही बॅटरीची तार सोडवली. खोलीत एकदम शांत झाले. अब्बांनी आमच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते समजले. "तुलाही ऐकू येतेय?" त्यांनी विचारले. आम्ही मान हलवली. "मग असेल," ते म्हणाले. "मोटरच्या टोकाचा बुश कोरडा पडला असणार. सुईच्या टोकावर येईल एवढं तेल, दोन्ही टोकांना. जास्त नको." आणि वजूला जातो म्हणून उठले. मगरिबला अजून पाऊण तास होता.

गेली दोन वर्षे घरात टीव्हीच्या आवाजावरून कुरबूर चालू होती. अम्मी म्हणत, "ह्यांना ऐकू येत नाही." अब्बा म्हणत, "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." कानाची तपासणी हा शब्द काढला की ते उठून जात. आयुष्यभर ज्या माणसाने कानावर रोजी कमावली त्याला हे सांगायचे कोणी? आणि ते सांगितले ते असे, अकरा वर्षांच्या पोराने, हसत हसत.

इंजिनाकडे वळतो. अब्बांनी सांगितले ते बरोबर निघाले. शिवणाची सुई तेलात बुडवून तिचे टोक मोटरच्या दांड्याजवळच्या पितळी बुशला टेकवले. थेंब आपोआप आत ओढला गेला आणि पाच-सहा सेकंदांत शिट्टी विझली. शिलाई मशिनचे पातळ तेल या जागेला अगदी योग्य. म्हणजे मागच्या अंकातले आमचे वाक्य अगदीच खोटे नव्हते, एक तृतीयांश खरे होते. मात्र मोटरच्या त्याच टोकाला तांब्याचा कम्यूटेटर आणि त्यावर घासणारे कार्बनचे ब्रश असतात. मिक्सरवाल्यांना ते माहीत असतील. तिथे तेल गेले की कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो आणि ठिणग्या उडू लागतात. आमच्या पहिल्या उद्योगात तिथेही तेल गेले होतेच. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कापसाच्या काडीने ते पुसावे लागले. अर्धा दिवस त्यात गेला.

खोबरेल तेलाचा मोह कोणालाही होऊ नये. ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकट होते. गंज सोडवणारा फवाराही नको, काही प्लॅस्टिकांना तो मानवत नाही.

घरघर शोधायला त्या मानाने वेळ लागला नाही. सांधे पुन्हा जोडले, बॅटरी उलटी लावून मोटर मागच्या दिशेने फिरवली आणि आगपेटीच्या काडीने एकेका वर्मला हलकेच एका बाजूला दाबून पाहिले. मागच्या बोगीचा वर्म दाबताच घरघर बंद. काडी काढली की चालू. हा दांडा आपल्या दोन बुशांमध्ये सैल होता, मागे-पुढे जवळजवळ अर्धा मिलीमीटर सरकत होता. पुढे जाताना गिअर त्याला एका भिंतीशी रेटून धरतो, म्हणून आवाज नाही. मागे येताना जोर दुसरीकडून येतो आणि दांडा त्या सैल जागेत नाचत राहतो. एकाच दिशेला येणारा आवाज बहुतेक वेळा अशा सरकण्याचा असतो.

इलाज म्हणजे ती मोकळी जागा पातळ वॉशरने भरणे. एवढे पातळ वॉशर बाजारात कुठे शोधणार? अम्मींच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म कपाटात होती. तिची जाडी आमच्या कामाला नेमकी. सुईने भोक पाडले, नखे कापायच्या कात्रीने भोवती गोल कापले आणि अशा दोन चकत्या वर्मच्या टोकाला सरकवल्या. तिसरी घातली तेव्हा दांडा जाम झाला, मोटर गरम होऊ लागली. ती काढली. थोडी हालचाल राहायलाच हवी, काडीने ढकलले तर जाणवेल न जाणवेल एवढी.

राहिली ती टकटक, जिच्यापासून सगळे सुरू झाले. बोगीच्या खालची झाकणे उघडली, चारही अ‍ॅक्सल बाहेर काढले. गिअरांवर जुने ग्रीस होते. बॉक्समध्ये तीस वर्षे पडून त्याचा मधासारखा घट्ट गोंद झाला होता. तो भांड्याच्या साबणाने, कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन काढला. मुलाला वाटले, दातांमध्ये खडा अडकला असेल. तसेही होते, वाळूचा एक कण पुरतो. पण इथे गिअर स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या अ‍ॅक्सलवर केसाएवढी रेघ दिसली. प्लॅस्टिकचा गिअर दोन दातांच्या मध्ये उभा चिरला होता.

या इंजिनात अ‍ॅक्सल अखंड नसतो. डावे चाक आपल्या अर्ध्या लोखंडी दांड्यासह आणि उजवे चाक आपल्या, असे दोन्हीकडून मधल्या प्लॅस्टिकच्या गिअरच्या नळीत ठोकून बसवलेले असते. अखंड दांडा ठेवला तर दोन्ही रुळांतली वीज एकमेकींना मिळेल, म्हणून ही युक्ती. पण घट्ट बसवलेला दांडा नळीला आतून सतत फाकवत राहतो. वर्षांमागून वर्षे. इंजिन न चालवताही. शेवटी प्लॅस्टिक हार मानते आणि चिरते. चिरल्यावर त्या जागी दोन दातांमधले अंतर वाढते, समोरचा गिअर तिथे आला की अडखळतो आणि टक करतो. फेऱ्याला एकदा. आम्ही ज्याला जपून ठेवलेले इंजिन म्हणत होतो ते शोकेसमध्ये बसल्या बसल्या मोडले होते.

आम्ही झटपट चिकटणारा गोंद लावून पाहिला, हेही कबूल करतो. इंजिन चार फेऱ्या छान गेले, पाचव्या फेऱ्यात टक. हे गुळगुळीत प्लॅस्टिक गोंद धरत नाही, आणि धरले तरी आतला दांडा पुन्हा फाकवतोच. गिअर बदलण्याला पर्याय नाही. भाईजान आता गावी असतात, त्यांना फोन लावला. त्यांच्या जुन्या सोबत्याचा मुलगा अमेरिकेतून येणार होता, त्याने बदली गिअर आणले. चिरला होता एक, पण सगळे एकाच वयाचे, म्हणून चारही बदलले.

बसवताना एक काळजी घ्यावी लागते. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर साडेचौदा मिलीमीटरच्या आसपास हवे. कमी झाले तर इंजिन सांध्यावर चढते, जास्त झाले तर वळणावर घासते. चिरलेल्या गिअरवरची चाके हळूहळू जागची हलतात, त्यामुळे टकटकीबरोबर गाडी रुळावरून उतरतही असेल तर चाकांपेक्षा गिअरवर संशय घ्यावा. दाबताना हातोडी नको. लहान वाइसच्या जबड्यांत कापड घालून, थोडे थोडे दाबत, दोन्ही बाजूंनी सारखे न्यायचे. दातांना प्लॅस्टिकला चालणारे पांढरे ग्रीस, तेही तांदळाच्या दाण्याएवढे. बाकी गिअर फिरत ते आपोआप पसरवतात.

सगळे जोडून चालवले तेव्हा आवाज अगदीच बंद झाला का? नाही. हलकी गुणगुण राहिली. ती असणारच, धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांवर फिरताहेत. फळीखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा पसरला तेव्हा तीही निम्मी झाली, कारण पोकळ प्लायवूड तबल्यासारखे घुमते. तेवढ्यावर आम्ही हात धुतले.

गिअर येण्याची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले होते. त्यातल्या एका सकाळी अब्बा कपडे करून दारात उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "चल बेटा, माझ्या कानाचं माप घेऊन येऊ." आम्हाला बरोबर यायला सांगितले नाही, तरी आम्ही गेलो. काचेच्या खोलीत त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटन दाबायचे, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. निघालेल्या कागदावर रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक होती आणि उजवीकडे जाताना उतारावरच्या गाडीसारखी खाली गेली होती. वयाबरोबर कान आधी बारीक आवाज सोडतात, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केले त्यांचे तर अधिकच. तपासणाऱ्या बाईंनी अब्बांना नीट समजावले की स, श, फ ही अक्षरे बारीक आवाजांत मोडतात, म्हणून बोलणे ऐकू येते पण शब्द निसटतात. अब्बा तो कागद बराच वेळ पाहत होते. मग मुलाला म्हणाले, "बघ, टकटक इथं आहे, डावीकडे. शिट्टी तिकडे पडली."

यंत्र सध्या महिनाभरासाठी वापरून बघायला घेतले आहे. पहिल्या संध्याकाळी मुलाने नवे गिअर बसवलेले इंजिन फळीवर सोडले. अब्बा नेहमीसारखा पंजा पालथा ठेवून बसले, मग पंजा उचलला आणि नुसते ऐकू लागले. इंजिनाने दोन फेऱ्या केल्या.

"अजून एक करकर आहे," ते म्हणाले.

मुलाने इंजिन थांबवले, ऐकले आणि वर पाहिले. "ती इंजिनाची नाही, दादाजान. ती आपल्या पंख्याची आहे."